कोटाबाहेरचा माणूस

मी पेटीतला कोट बोलतोय. पेटी पत्र्याची आहे आणि तिला कुलूप आहे, म्हणून आवाज जरा दबका येईल. कान देऊन ऐका.

घाटंजीहून थोडं पुढे जाऊन डांबरी रस्ता सोडला की फुलसिंगचा तांडा लागतो. त्याच्या घरामागच्या कोठीत, कापसाच्या रिकाम्या बोऱ्यांच्या आड ही पेटी आहे. माझ्यासोबत आत दोन नकली दाढ्या आहेत, पुठ्ठ्याचा एक मुकुट आहे आणि डांबरगोळ्यांचा वास आहे. दाढ्या बोलत नाहीत. मुकुटाला झुरळांनी कुरतडलंय. मी मात्र अजून धड आहे. चांगल्या लोकरीचा असल्याचा हा एक तोटा आहे. लवकर सुटका होत नाही.

मी काळा आणि लांब आहे, गुडघ्यांच्या खाली येतो. इथे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. अशा मुलखात असला कोट कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण कोटाला कुणी विचारून कुठे नेत नाही.

माझा जन्म विलायतेतला. एका शिंप्याने मला लेनर्ड हॉब नावाच्या नटाच्या मापाने शिवलं. नाटकात एक नायक असतो, एक नायिका असते आणि उरलेले सगळे असतात. लेनर्ड त्या उरलेल्यांतला होता. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, नाक जरा मोठं, कान बाहेर आलेले. नायकाचं काम त्याला कुणी देणार नाही हे त्याला लहानपणीच कळलं होतं, आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं. तो म्हणायचा, नायकाला जन्मभर एकच माणूस व्हावं लागतं, मला रोज नवा होता येतं.

आणि तो खरोखर व्हायचा. एका आठवड्यात पाद्री असला की माझी सगळी बटणं गळ्यापर्यंत लागायची. पुढच्या आठवड्यात तो खिसेकापू व्हायचा, तेव्हा माझी कॉलर कानापर्यंत वर जायची. दारुडा जमीनदार झाला की मी नुसता खांद्यांवरून लोंबायचो. कोट तोच, पण आतला माणूस दर वेळी वेगळा. त्याची एक पद्धत होती. नवीन काम मिळालं की तो आधी त्या माणसाचं चालणं शोधायचा, बोलणं मागाहून. खोलीत तासन्‌तास येरझारा घालायचा आणि मधेच थांबून म्हणायचा, "हा तो नव्हे." मग एखाद्या दिवशी पाऊल नेमकं पडायचं. ते मला त्याच्या आधी कळायचं, कारण त्याचे खांदे माझ्याच आत असायचे.

ते माझे चांगले दिवस होते.

मग त्याला टीव्हीवरच्या एका मालिकेत काम मिळालं. तिकडे मयताची सगळी व्यवस्था करणारे लोक असतात. काळा लांब कोट घालून, तोंड पाडून ते अंत्ययात्रेच्या पुढे चालतात. लेनर्डने तसला एक माणूस केला, पण थोडा गमतीचा. तो चालता चालता हळूच डोळ्यांनी समोरच्याचं माप घेतो, म्हणजे शवपेटी केवढी लागेल ते बघतो. लोक पोट धरून हसले. मालिका वर्षानुवर्षं चालली. लेनर्डला पहिल्यांदाच रस्त्यावर लोक ओळखू लागले. पहिलं वर्ष त्याला ते फार आवडलं.

मालिका संपली तेव्हा तो पुन्हा पाद्री व्हायला गेला, तर दिग्दर्शक म्हणाले, तुम्ही आलात की लोक मुडद्याची वाट बघतील. न्यायाधीशाच्या कामाला गेला, तिथेही तेच. एकदा त्याची बहीण आजारी होती, म्हणून तो मला घालून इस्पितळात गेला. बहिणीच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिने त्याला पाहिलं आणि चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"मला न्यायला आलात का?" तिने विचारलं.

ती चेष्टा करत नव्हती. लेनर्डने तिथल्या तिथे मला काढलं, घडी करून हातावर घेतलं आणि बहिणीशी न बोलताच तो बाहेर पडला. त्या दिवसानंतर मी कपाटात गेलो. तो कधीतरी कपाट उघडायचा, माझ्याकडे बघायचा आणि बंद करायचा. चाळीस माणसं व्हायची ताकद असलेला तो माणूस एकाच माणसात अडकून पडला. तसाच म्हातारा झाला आणि तसाच गेला.

त्याच्या भाचीने कपाट रिकामं केलं. सगळे कपडे पिशव्यांत भरून दान दिले. कुठल्याशा गोदामात आम्हाला एका यंत्राने दाबून, पट्ट्या आवळून गठ्ठा केला. माझ्या एका बाजूला लहान मुलीचा फ्रॉक होता, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी पायजमा. हलायला जागा नव्हती. आधी जहाज, मग ट्रक, मग नागपूरचं एक गोदाम. तिथे पट्ट्या कापल्या तेव्हा मला वाटलं, सुटलो.

सुटलो आणि घाटंजीच्या बाजारात येऊन पडलो. ताडपत्रीवर स्वेटर, मफलर, शाली यांचा ढीग होता. थंडी पडायला लागली होती आणि बायका खाली बसून ढीग उपसत होत्या. मी सगळ्यात तळाशी होतो. मला बाहेर ओढलं ते भीमराजने.

भीमराज घरं रंगवायचा. दिवाळीच्या आधी त्याला मान वर करायला फुरसत नसायची. नंतर काम आटलं की तो नाटकाला मोकळा व्हायचा. इकडे कापूस घरात यायला लागला की गावोगाव नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत चालतात. लहानपणी तो त्यांच्या वस्तीतल्या भीमजयंतीच्या जलशात गायचा. नंतर फुलसिंगच्या नाटक मंडळात आला. त्याने बहिरा पोस्टमन केला होता, घरजावई केला होता, वेडा केला होता आणि बाई कमी पडली तेव्हा सासूही केली होती. रंग मारता मारता तो शिकायचा. रंगारी भिंतीकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे घरातली माणसं त्याला विसरून जातात. भांडतात, रडतात, खोटं बोलतात. भीमराज ब्रश फिरवत सगळं ऐकून घ्यायचा.

त्या दिवशी त्याची बायको पंचफुला सोबत होती. ती म्हणाली, "पायलले स्वेटर घ्याले आलो न आपन? हे कायले पाहून राह्यले?"

पायल त्यांची मुलगी.  भीमराजने मला अंगात घातलं. डिस्टेंपरचा वास आला. मग त्याने दोन्ही हात वर केले, खाली आणले आणि मला न हलवता आतल्या आत खांदा फिरवून बघितला. मी दचकलोच. साधा माणूस कोट घातला की बटणं लावून बघतो. कोटाच्या आत आपल्याला किती जागा आहे ते फक्त नटच बघतो.

तो चालायला लागला. पाठ ताठ झाली, मान जरा मागे गेली, टाच आधी पडायला लागली. कांदेवाल्यांच्या रांगेतून तो असा गेला, की लोकांनी टोपल्या मागे ओढल्या. एक म्हातारा बसल्या जागेवरून उठून उभा राहिला आणि उभं का राहिलो ते त्याचं त्यालाच कळेना. पंचफुला आधी हसली, मग तिने मागून माझी बाही धरली आणि म्हणाली, पुरे करा, लोकं भेऊन राह्यले.

मी त्या दिवशी फार सुखी होतो. इतक्या वर्षांनी माझ्या आत कुणीतरी दुसरं कुणी झालं होतं.

फुलसिंग बंजारा होता. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. पुढे रेल्वे आली आणि बैलांवरची ती वाहतूक संपली. फुलसिंगने त्याच्यावर नाटक लिहिलं होतं, ‘मिठाचा तांडा’ नावाचं. त्यात एक म्हातारा लमाण होता आणि त्याचे बैल नाक्यावर अडवून जप्त करणारा इंग्रज साहेब होता. म्हाताऱ्याचं काम देवसिंग करायचा. साहेबाचं काम कुणालाच जमत नव्हतं. भीमराज मला घालून तालमीला आला, आणि तालीम बघायला आलेली पोरं गप्प झाली.

त्या हिवाळ्यात ‘मिठाचा तांडा’ गाजला. भीमराज तोंडाला सफेदा फासून, मला घालून रंगमंचावर यायचा आणि बराच वेळ काहीच बोलायचा नाही. नुसता बैलांभोवती फिरायचा. बाया बोटं मोडायच्या. एका गावात नाटकानंतर त्याला चहा द्यायला कुणी तयार होईना. भीमराज घरी येऊन पंचफुलाला हे हसत हसत सांगायचा. दुसऱ्या गावात एका आजीने त्याच्या अंगावर चप्पल फेकली. त्या चपलेचं त्याला केवढं कौतुक होतं.

पुढच्या हिवाळ्यात लोक विचारायला लागले, साहेब आहे का नाटकात? साहेब असला तरच नाटक ठरवायचं. फुलसिंगकडे तीन नाटकं होती. त्या तिन्हींत साहेब आला. हुंड्याच्या नाटकात साहेब कुठून आणायचा, असं भीमराजने विचारलं, तर फुलसिंग म्हणाला, सासऱ्याच्या सपनात येते. पोस्टरवर भीमराजचं नाव छापणं बंद झालं. नुसता फोटो, त्याखाली ‘गोरा साहेब’.

मी हे सगळं ओळखत होतो. हाच रस्ता मी एकदा चाललो होतो. मला भीमराजला सांगायचं होतं की मला सोड, एखाद्या नाल्यात फेकून दे. पण ज्याने घातलाय त्याला कोटाचं बोलणं ऐकू येत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे ते चालणं त्याला सोडेना. घरात पाणी प्यायला उठला तरी टाच आधी पडायची. एकदा तो एका घरी रंगाचं काम बघायला गेला. घरमालकाने दार उघडलं आणि ओळखून इतका हसला, की आपली बायको, पोरं, शेजारी सगळ्यांना गोळा केलं. "साहेब भिंत रंगवाले आला पाहा." भीमराज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, पण आता त्याला कुणी विसरेना. पोरं दिवसभर मागे बसून बघत राहिली. घरातली माणसं त्याच्यासमोर जपून, नीट बोलायला लागली. ज्या खिडकीतून तो माणसं बघायचा, ती बंद झाली.

नाटकाचे दिवस संपले तरी माझी सुटका झाली नाही. यवतमाळला एका कापडदुकानाचं उद्‌घाटन होतं, मे महिन्यात. फुलसिंगने ते काम घेतलं. दुकानाच्या दारात भीमराजने मला घालून उभं राहायचं आणि गिऱ्हाइकांनी साहेबासोबत फोटो काढायचे. डोक्यावर मांडव होता, पण वाऱ्याला धग होती. घामाने मी आतून चिंब झालो. माझं वजन दुप्पट झालं. भीमराजचं काळीज माझ्या आत किती जोरात धडधडत होतं ते फक्त मलाच कळत होतं. लोक यायचे, त्याच्या गळ्यात हात टाकायचे, डोळे वटारायला सांगायचे. तो वटारायचा. दुपारी एका बाईने आपलं लेकरू त्याच्या हातात दिलं आणि ते त्याच्या हातून निसटलं. लेकरू दुसऱ्या कुणीतरी झेललं. भीमराज खाली बसला.

पंचफुला पायलसाठी कापड बघायला दुकानात आली होती. ती धावत बाहेर आली. माझी बटणं तिने ओरबाडून काढली, त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. मांडवातली माणसं हसत होती. त्यांना वाटलं, हाही खेळच आहे. एकजण तर म्हणाला, साहेबाले आपली हवा मानवत नाही.

त्या संध्याकाळी घरी तिने मला दोरीवर वाळत घातलं. भीमराज खाटेवर पडून होता. ती त्याच्या पायाशी बसली. ती तशी कमी बोलणारी बाई. पण त्या दिवशी बोलली.

"तुमी नाटकात कोनीबी व्हा, मले काई वाटत नाई. सासू झालते तवा मी किती हासली. पन आता घरीबी साहेबच येते. जेवते साहेब, झोपते साहेब. पायलचा बाप कवा येईन?"

 भीमराज आढ्याकडे बघतच म्हणाला, "मीबी त्यालेच शोधून राह्यलो."

पुढचा हिवाळा आला तेव्हा तो फुलसिंगकडे गेला. मी त्याच्या हातावर होतो. म्हणाला, मला म्हाताऱ्या लमाणाचं काम द्या. देवसिंगला आता दम लागतो, त्याला बैल हाकायचं हलकं काम द्या. साहेबाचा कोट दुसरा कुणीही घालेल. फुलसिंग वाईट माणूस नव्हता. त्याच्या मंडळावर पेटी वाजवणाऱ्यापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांची घरं चालायची. त्याने भीमराजला बसवलं, चहा दिला आणि जे खरं वाटत होतं ते सांगितलं.

"भीमराज, रागाऊ नको. लोकं तुले पाह्याले येत नाई. कोटाले पाह्याले येते."

भीमराज चहा तसाच ठेवून उठला.

पण वेळच अशी आली, की फुलसिंगला ऐकावं लागलं. मुकुटबनला शंकरपट होता. बैलांच्या शर्यतीला लांबलांबून लोक आले होते आणि संध्याकाळी ‘मिठाचा तांडा’ ठरला होता. त्याच दिवशी देवसिंगला ताप भरला, उठवेना. म्हाताऱ्याची सगळी वाक्यं पाठ असलेला मंडळात एकच माणूस होता. फुलसिंगने कपाळावर हात मारला आणि म्हणाला, कर बाबा. साहेबासाठी त्याने आपल्या मुलाला, राजकुमारला उभं केलं. राजकुमार उंच होता आणि आजवर फक्त भोंगे आणि दिवे बघायचा.

मी राजकुमारच्या अंगावर गेलो. पोरगं घाबरलं होतं. माझ्या आत ते खुंटीसारखं उभं राहिलं. मी होतो, साहेब नव्हता. तरी पडदा वर गेला आणि मी दिसलो, तशी टाळ्यांची सर आली. फुलसिंगचं बोलणं खरं होतं.

मग भीमराज आला. धोतर, बंडी, डोक्याला फडकं. काठी नव्हती. पाठ वाकलेली नव्हती, नुसते गुडघे थकलेले होते. तो बैलाच्या मागून आला, आणि पहिलं वाक्य बोलला, तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अबे, साहेब धोतरात आला!"

हशा पिकला. दुसऱ्याने विचारलं, "साहेब, कोट कोनाले देल्ला?" आणखी हशा. भीमराज थांबला नाही. बोलत राहिला. बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. जप्तीचा प्रसंग आला. म्हातारा साहेबाच्या पाया पडतो आणि कोटाचा काठ धरून म्हणतो, माझे बैल नका नेऊ.

भीमराजने माझा काठ धरला.

दोन हिवाळे मी त्याच्या पाठीवर, छातीवर होतो. काम करतानाचा त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. नटाच्या कोटाला तेवढं एक दिसत नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा समोरून पाहिलं. त्या चेहऱ्यात भीमराज नव्हताच. बैलांच्या मागे अख्खा जन्म चाललेला, मुलूख तोंडपाठ असलेला आणि आता कुठे जायचं ते न कळणारा एक माणूस होता. माझा काठ त्याने दोन्ही मुठींत धरला होता, आणि ती पकड त्या म्हाताऱ्याची होती, त्याची स्वतःची नव्हे. एवढं मोठं काम मी लेनर्डचंही पाहिलं नव्हतं.

आणि लोक हसत होते. साहेब कोटाच्या पाया पडून राह्यला, म्हणून हसत होते. बायकांच्या बाजूला काही जणी गप्प झाल्या होत्या, एका म्हातारीने पदर तोंडाला लावला होता. पण हसणारे जास्त होते. राजकुमारलाही हसू आवरेना, मला ते त्याच्या पोटात जाणवलं. भीमराजने शेवटपर्यंत काम केलं, एक वाक्य गाळलं नाही.

सकाळी सामान ट्रकमध्ये भरलं जात होतं. फुलसिंग चुलीपाशी चहा घेत होता. म्हणाला, पाहिलं ना? आता पुढच्या गावी तूच साहेब. भीमराजने मला उचललं, नीट घडी केलं, बाह्या आत दुमडल्या. मला त्याने स्वतःच्या पैशाने घेतलं होतं, मंडळाचा माझ्यावर काही हक्क नव्हता. तरी त्याने मला फुलसिंगच्या मांडीवर ठेवलं.

"कोट तुमाले ठेवा, फुलसिंगभाऊ. मले सोडा."

फुलसिंगने खूप समजावलं. मग चिडला. कोट घालायचा नसेल तर या मंडळात तुझं काम नाही, असं म्हणाला. भीमराज बरं म्हणाला. त्याने सगळ्यांचा निरोप घेतला, आजारी देवसिंगच्या कपाळावर हात ठेवला आणि तो बसच्या थांब्याकडे निघाला. मी बघत होतो. थोडं अंतर तो साहेबाच्या चालीने गेला. मग थांबला. पाय झटकला, पायात खडा गेल्यासारखा. पुन्हा चालायला लागला. कुणाच्या चालीने ते मला ओळखता आलं नाही.

 राजकुमारने मला काही गावांत घातलं. लोक ओरडले, हा साहेब नकली आहे. उमरखेडला तर नाटक अर्ध्यात बंद करावं लागलं. मग मी या पेटीत आलो, पुढचं ऐकून ऐकून जमवलेलं आहे. दुसऱ्या मंडळांनी भीमराजला बोलावलं, पण प्रत्येकाने विचारलं, कोट आणतोस का? तो नाही म्हणायचा आणि ते परत जायचे. दोन हिवाळे तो नाटकाशिवाय राहिला. पंचफुला दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जायची, तो मिळेल ती भिंत रंगवायचा. तिने त्याला एकदाही म्हटलं नाही की कोट परत आणा. हे राजकुमार आपल्या आईला सांगत होता. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

एकदा फुलसिंग एकटाच कोठीत आला. त्याने पेटी उघडली, मला अंगात घातलं आणि बोऱ्यांमधून दोन फेऱ्या मारल्या. खांदे मला पुरत नव्हते, पोट माझ्यात मावत नव्हतं. तो खाली बसला.  मग मला काढून त्याने परत ठेवलं आणि कुलूप लावलं. त्याचं मंडळ आता चालत नाही.

तेव्हापासून मी इथे आहे. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसाळ्यात पेटीला घाम येतो. दोन-दोन माणसांना मी अडकवलं, असं कधी मनात येतं. मग वाटतं, मी कुठे अडकवलं? मी तर नुसता शिवलेला होतो. बघणाऱ्यांनीच एकदा पाहिलं आणि पुढे पाहायचं सोडून दिलं.

या थंडीत मात्र पेटी उघडली. फुलसिंगची बायको मोतीबाई आणि राजकुमारची बायको संगीता कपड्यांना ऊन द्यायला आल्या होत्या. त्या दोघी आपसात गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत बोलतात. इतक्या वर्षांत मला ती बरीच कळायला लागली आहे. संगीताने मला झटकलं आणि म्हणाली, हा कोट तांड्यातल्या प्रेमसिंगला देऊन टाकू. तो चण्याच्या वावरात रानडुकरं राखायला जातो, फाटक्या शालीत कुडकुडतो. मोतीबाईने मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं. नको म्हणाली. घरधन्याला अजून आशा आहे, कधी साहेब लागला तर.

मग तिला काहीतरी आठवलं आणि ती मला मांडीवर घेऊन उन्हात बसली.

ती सांगू लागली. मागच्या महिन्यात ती घाटंजीला गेली होती. तिथे वस्तीतल्या पोरापोरींनी एक नाटक बसवलं होतं, म्हणून ती बघायला बसली. त्यात एक म्हातारी होती. लेक सासरी मेली, आणि तिची लुगडी परत आणायला आई जाते, एवढीच गोष्ट. ती म्हातारी लुगडी मोजत नव्हती, नुसती हुंगून बघत होती. कोणतं धुतलेलं आहे आणि कोणतं नाही, ते. मोतीबाईची स्वतःची मोठी बहीण तशीच गेली होती. ती रडली, तिच्या शेजारच्या सगळ्या रडल्या. नाटक संपल्यावर तिला राहवेना. पलीकडच्या दुकानातून तिने एक चोळीचा खण घेतला आणि त्या म्हातारीची ओटी भरायला पडद्यामागे गेली.

तिथे स्टुलावर भीमराज बसला होता. लुगडं अजून अंगावर होतं, हातातल्या फडक्याने तो तोंडाचा रंग पुसत होता. अर्धा चेहरा त्याचा होता, अर्धा म्हातारीचा. शेजारी पंचफुला त्याच्या डोक्यातल्या पांढऱ्या केसांच्या पिना काढत होती.

मोतीबाई म्हणाली, मी खण हातात घेऊन तशीच उभी राहिले. पुरुषाला खण कसा देऊ? परत कशी फिरू? त्याने मला ओळखलं. आमच्या माणसाबद्दल एक शब्द विचारला नाही. त्याने डोक्यावरचा पदर नीट केला, ओंजळ पुढे केली, आणि मी खण दिला. त्याने तो कपाळाला लावला.

"मग?" संगीताने विचारलं.

मग काही नाही, मोतीबाई म्हणाली. त्या म्हातारीनं खण घेतला. भीमराजनं नाही.

तिने डोळे पुसले, माझी घडी केली, मला पेटीत ठेवलं. झाकण पडलं, कुलूप लागलं.

तुम्ही कधी घाटंजीला गेलात आणि एखाद्या भिंतीकडे तोंड करून रंग देणारा माणूस दिसला, तर त्याला माझ्याबद्दल काही सांगू नका. त्याला साहेब म्हणू नका. माझं मी बघून घेईन. पण तांड्यावर येणं झालंच, तर मोतीबाईला माझ्यासाठी एक शब्द टाका. प्रेमसिंगच्या वावरात मला बघायला कुणी येणार नाही, रानडुकरं सोडून. आणि चण्याच्या दिवसांत थंडी बरीच असते.